कोपऱ्यातला यंत्रमानव

[चित्रकथेत नायकाला मोठी जागा मिळते, पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या पात्रांकडे कोणाचे लक्ष जात नाही. अशा एखाद्या दुय्यम पात्राला, त्यातही एका यंत्रमानवाला, मध्यभागी आणून चित्रकथा कशी लिहावी, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे. त्यासाठी सोलापूरच्या चादरीचे आणि मागाचे उदाहरण घेतले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, चित्रकथा तुम्हां सर्वांना आवडते. पुस्तक हातात आले की तुम्ही आधी मुखपृष्ठ पाहता. मुखपृष्ठावर कोण असतो? कथेचा नायक. तो पळत असतो, उडी मारत असतो किंवा संकटाशी झुंजत असतो. आता तेच पुस्तक उघडा आणि एखाद्या चित्राचा कोपरा नीट पाहा. तिथेही कोणीतरी उभे असते. कोणी दार उघडतो, कोणी सामान उचलतो, कोणी निरोप आणतो. त्याला बोलायला एखादेच वाक्य मिळते. कधी तेही मिळत नाही. अशा पात्राला दुय्यम पात्र म्हणतात. आज आपण या कोपऱ्यातल्या पात्राची चित्रकथा लिहायला शिकणार आहोत. आपले पात्र आहे एक यंत्रमानव.

चित्रांतून गोष्ट सांगण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे कलावंत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवतात आणि गात गात कथा सांगतात. या कलेला 'चित्रकथी' म्हणतात. छापील चित्रकथेत गाणारा नसतो. तिथे चौकटी असतात आणि पात्रांचे बोलणे फुग्यात लिहिलेले असते. १९९१ साली 'सकाळ' या दैनिकात चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची 'चिंटू' ही चित्रमालिका सुरू झाली. अवघ्या तीन-चार चौकटींत तिच्यातील एक प्रसंग पूर्ण होत असे.

दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत मुलगा झाडावर चढतो, दुसऱ्या चौकटीत त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधलेली असते. तो पडला, हे कोणी दाखवलेले नाही. तरी तुम्हांला ते कळते. न दाखवलेली गोष्ट त्या कोऱ्या पट्टीत असते. ही कोरी पट्टी लक्षात ठेवा. दुय्यम पात्राची कथा आपल्याला तिथेच सापडणार आहे.

'रोबो' या शब्दाची गोष्ट

यंत्रमानवाला आपण 'रोबो' म्हणतो. हा शब्द एका नाटकातून आला. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले. त्यात कारखान्यात तयार केलेली कृत्रिम माणसे होती. त्यांना काय म्हणावे, हे त्याला सुचेना. तेव्हा त्याचा भाऊ जोसेफ याने 'रोबो' हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे सक्तीचे काम, जमीनदारासाठी करावी लागणारी वेठ. मराठीत अशा कामाला 'वेठबिगार' म्हणतात. यातील 'बिगार' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. कारण तो तुमच्या उर्दूतील 'बेगार' हाच शब्द आहे.

म्हणजे 'रोबो' या नावातच एक दुःख आहे. रोबो म्हणजे असा कामकरी, ज्याला 'तुला काय वाटते?' असे कोणी विचारत नाही. त्याने हुकूम पाळायचा आणि गप्प राहायचे. लेखकाने नेमका हाच प्रश्न त्याला विचारायचा असतो.

दोन यंत्रमानव

सत्यजित राय हे मोठे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून तुम्हांला माहीत असतील. ते मुलांसाठीही लिहीत. १९६१ साली 'संदेश' या बंगाली मासिकात त्यांनी प्राध्यापक शंकू या शास्त्रज्ञाची पहिली कथा लिहिली. शंकू एक अग्निबाण तयार करतो आणि मंगळावर जातो. त्याच्याबरोबर प्रल्हाद नावाचा नोकर, न्यूटन नावाचे मांजर आणि विधुशेखर नावाचा यंत्रमानव असतो. विधुशेखर शंकूनेच बनवलेला. त्याने सांगितलेले काम करावे, एवढीच अपेक्षा. पण मंगळ जवळ आल्यावर तो अचानक उठतो आणि अग्निबाण मागे फिरवणारा दांडा जोराने ओढतो! शंकूला त्याला बंद करावे लागते. पुढे मंगळावर खरोखरच मोठे संकट येते. मग विधुशेखरला ते आधी कसे कळले? त्याला भीती वाटली, की त्याला इतरांची काळजी वाटली? कथा शंकूच्या रोजनिशीतून सांगितलेली आहे, म्हणून यंत्रमानवाच्या मनातले आपल्याला कळत नाही. इथे एक कोरी पट्टी आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. १९७७ साली 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला. त्यात भंगार विकणारे लोक एका शेतकऱ्याला यंत्रमानव विकतात. शेतकरी एक लाल यंत्रमानव निवडतो. त्याचे नाव आर-फाइव्ह-डी-फोर. तो चार पावले चालतो, त्याच्या डोक्यातून धूर निघतो आणि तो बंद पडतो. म्हणून शेतकरी त्याच्याऐवजी दुसरा, निळा यंत्रमानव घेतो. या निळ्याजवळ एक गुप्त निरोप असतो आणि त्यामुळे पुढची सारी कथा घडते. लाल यंत्रमानव पडद्यावर जेमतेम काही क्षण दिसला. प्रेक्षक हसले आणि त्याला विसरले.

पण काही लेखक विसरले नाहीत. त्यांनी विचारले, "तो नेमका त्याच वेळी कसा बंद पडला?" १९९९ साली पीटर डेव्हिड यांनी त्याच्यावर एक विनोदी चित्रकथा लिहिली. तिच्यात लाल यंत्रमानवाला पुढचे संकट आधीच दिसते आणि तो मुद्दाम स्वतःला बिघडवतो. २०१७ साली रे कार्सन या लेखिकेने त्याच क्षणावर वेगळी कथा लिहिली. तिच्यात निळा यंत्रमानव लाल यंत्रमानवाकडे मदत मागतो आणि लाल यंत्रमानव स्वतःची सुटका सोडून देतो. मूळ घटना एकच, कारणे मात्र दोन. दोन्ही लेखकांनी चित्रपटातील काहीही बदलले नाही. तिथे तो बंद पडतो, इथेही तो बंदच पडतो. फक्त 'का?' या प्रश्नाचे उत्तर नवे आहे.

लिहिण्याआधी चार गोष्टी

या उदाहरणांवरून आपल्याला चार गोष्टी शिकता येतात.

पहिली गोष्ट : मूळ कथेतील असा क्षण शोधा, जिथे दुय्यम पात्राने काहीतरी केले आहे, पण का केले, ते सांगितलेले नाही.

दुसरी गोष्ट : मूळ कथेत जे घडले ते बदलू नका. तुमची कथा तिच्या कोऱ्या पट्टीत बरोबर बसली पाहिजे.

तिसरी गोष्ट : पात्राला एक इच्छा द्या आणि एक अडचण द्या. यंत्रमानव सर्वशक्तिमान असेल तर कथा लगेच संपेल. त्याला काय करता येत नाही, हे आधी ठरवा.

चौथी गोष्ट : यंत्रमानवाला माणसाचा चेहरा देऊ नका. त्याच्या डोळ्यांत अश्रू काढणे सोपे आहे. पण मग तो यंत्रमानव राहत नाही. त्याची मान थोडी वळवा. त्याचा दिवा मंद करा. सगळे चालत असताना त्याला एका जागी उभे करा. वाचक त्याच्या मनातले ओळखतील.

सोलापूरचा कांडीवाला

आता आपण आपल्या गावातच एक चित्रकथा रचू या. सोलापूरची चादर तुम्ही रोज पांघरता. पण तिच्यावरची नक्षी कशी उमटते, हे पाहिले आहे का? मागावर उभे धागे ताणलेले असतात, त्यांना ताणा म्हणतात. आडव्या धाग्याला बाणा म्हणतात. बाण्याचा धागा कांडीवर गुंडाळलेला असतो. ही कांडी धोट्यात बसवतात आणि धोटा ताण्यातून इकडून तिकडे धावतो. कांडी संपली की नवी कांडी घालावी लागते. कांडी नसेल तर माग चालत नाही.

नक्षीसाठी मागाच्या वर जॅकार्ड बसवलेले असते. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास हे साधन तयार केले. त्यात पुठ्ठ्याच्या पत्त्यांची लांब माळ असते. पत्त्याला जिथे भोक असते, तिथला धागा वर उचलला जातो. जिथे भोक नसते, तिथला धागा खाली राहतो. एक पत्ता म्हणजे बाण्याच्या एका ओळीसाठी दिलेला हुकूम. पुढे इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणकयंत्रासाठी असेच भोकांचे पत्ते वापरायचे ठरवले होते. म्हणजे यंत्राला हुकूम कसा द्यावा, हे जगाने आधी मागावर पाहिले. यंत्रमानवाची कथा सोलापुरात शोभते ती यामुळेच.

समजा, 'मोराची नक्षी' नावाची एक चित्रकथा आहे. तिची नायिका रुखसाना. तिचे चाचा एका कारखान्यात जॉबर आहेत. गड्ड्याच्या यात्रेआधी शंभर चादरी द्यायच्या आहेत. एका सकाळी माग बंद असतो. रुखसाना पत्त्यांची माळ तपासते आणि तिला एक फाटलेला पत्ता सापडतो. ती नवा पत्ता तयार करून घेते आणि चादरी वेळेवर पूर्ण होतात. सगळे तिचे कौतुक करतात. या कथेत कांड्या वाहून नेणारा एक यंत्रमानव आहे. तो एकाच चौकटीत दिसतो. चाचा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतात, "कांडीवाला रात्रीच बंद पडला!"

इथे थांबा आणि विचारा, 'तो का बंद पडला?'

त्याची इच्छा ठरवू : मोर पूर्ण व्हावा. निळ्या आणि हिरव्या कांड्या तोच आणून देतो, म्हणून मोर त्याच्या ओळखीचा आहे. त्याची अडचण ठरवू : त्याला बोलता येत नाही आणि मागाला हात लावण्याचा हुकूम नाही. कांड्यांची पेटी मागापर्यंत नेणे आणि तिथे झाकण उघडणे, एवढेच त्याचे काम. आता चौकटी लिहू.

चौकट १ : रात्र. कांड्या भरणाऱ्या अक्का शेवटची कांडी यंत्रमानवाच्या पेटीत ठेवतात. अक्का : "निळ्या वीस झाल्या. आता एवढ्याच आहेत. सांभाळून ने रे बाबा!"

चौकट २ : यंत्रमानव मागाजवळून जातो. कापडावर एक पूर्ण मोर दिसतो. यंत्रमानवाची मान मोराकडे वळलेली. फुगा नाही.

चौकट ३ : पुढचा मोर. त्याच्या मानेवर एक रेघ तुटलेली. वर माळेतील एक पत्ता फाटलेला.

चौकट ४ : यंत्रमानव आपला दिवा उघडझाप करतो. विणकर दुसऱ्या मागावर आहे, त्याची पाठ इकडे आहे. सगळ्या चौकटीवर मोठी अक्षरे : खटखट, खटखट, खटखट!

चौकट ५ : यंत्रमानव वाटेतच उभा. पेटीचे झाकण बंद. दिवा विझलेला.

चौकट ६ : 'खटखट' हा शब्द आता नाही. माग थांबला आहे. विणकर : "निळी कांडी कुठे आहे? अरेच्चा, हा तर बंद पडला!"

चौकट ७ : सकाळ. दूर रुखसाना आणि चाचा पत्ते तपासत आहेत. ते अगदी लहान दिसतात. चाचा : "कांडीवाला रात्रीच बंद पडला!" पुढे अक्का पेटीचे झाकण उघडून मोजत आहेत. अक्का : "वीसच्या वीस?"

चौकट ८ : अक्का पदराने यंत्रमानवाचा दिवा पुसतात. दिवा मंद पेटतो. फुगा नाही.

पाहा, मूळ कथेतील एकही गोष्ट बदललेली नाही. पत्ता रुखसानालाच सापडला. चाचांचे वाक्यही तेच आहे. पण आता त्या वाक्याचा अर्थ बदलला. माग रात्रभर चालला असता तर अनेक चादरी बिघडल्या असत्या. यंत्रमानवाला माग थांबवता येत नव्हता. म्हणून तो स्वतः थांबला. ज्याच्या नावाचा अर्थच सक्तीचे काम असा आहे, त्याने एका रात्रीपुरते काम न करण्याचे ठरवले, आणि तेच त्याचे सर्वांत चांगले काम ठरले.

काही विद्यार्थी विचारतील, "शेवटी सगळ्यांनी यंत्रमानवासाठी टाळ्या का वाजवू नयेत?" टाळ्या वाजल्या तर तो नायक होईल आणि मूळ कथा मोडेल. शिवाय जगातील बरीच चांगली कामे टाळ्यांशिवायच होतात. आपल्या कथेत ते काम कोणाला थोडेसे कळले? अक्कांना. त्या स्वतःही मूळ कथेत कुठे दिसल्या नव्हत्या. मोराचा प्रत्येक निळा धागा मात्र त्यांच्या हातातून गेलेला होता. जो स्वतः कोपऱ्यात काम करतो, त्याला कोपऱ्यातले लवकर दिसते.

मित्रांनो, आता तुमच्या आवडीची कोणतीही चित्रकथा उघडा. नायकाला थोडा वेळ बाजूला राहू द्या. मागे उभा असलेला यंत्रमानव शोधा आणि त्याला विचारा, "त्या वेळी तू असे का केलेस?" उत्तर मिळाले की कागदावर आठ चौकटी आखा आणि लिहायला लागा.

शब्दार्थ

दुय्यम – मुख्य नसलेला, दुसऱ्या दर्जाचा
यंत्रमानव – माणसासारखे काम करणारे यंत्र, रोबो
चौकट – चित्राभोवतीची चार रेघांची आखणी
वेठबिगार – मोबदल्याशिवाय सक्तीने करून घेतलेले काम
रोजनिशी – दररोजच्या घटना लिहिण्याची वही, डायरी
कांडी – बाण्याचा धागा गुंडाळलेली लहान नळी
धोटा – कांडी बसवून ताण्यातून फेकण्याचे साधन
जॉबर – कारखान्यातील माग दुरुस्त करणारा व त्यांवर देखरेख ठेवणारा कामगार
गड्डा – सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत भरणारी जत्रा

स्वाध्याय

प्र. १ ला. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) पिंगुळी हे गाव कोणत्या जिल्ह्यात आहे?
(२) 'रोबो' हा शब्द कोणी सुचवला?
(३) विधुशेखरने कोणता दांडा ओढला?
(४) अक्कांनी यंत्रमानवाच्या पेटीत किती निळ्या कांड्या दिल्या?

प्र. २ रा. रिकाम्या जागा भरा.
(१) न दाखवलेली गोष्ट दोन चौकटींमधल्या ______ पट्टीत असते.
(२) मागावरील आडव्या धाग्याला ______ म्हणतात.
(३) पत्त्याला जिथे भोक असते, तिथला धागा ______ उचलला जातो.

प्र. ३ रा. जोड्या लावा.
'अ' गट : (१) सत्यजित राय (२) कारेल चापेक (३) पीटर डेव्हिड (४) चारुहास पंडित
'ब' गट : (अ) चेक नाटककार (आ) 'चिंटू' (इ) लाल यंत्रमानवाची चित्रकथा (ई) प्राध्यापक शंकू

प्र. ४ था. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) लाल यंत्रमानवाविषयी दोन लेखकांनी कोणती वेगवेगळी कारणे दिली?
(२) कांडीवाला यंत्रमानव वाटेतच का उभा राहिला?
(३) सहाव्या चौकटीत 'खटखट' हा शब्द का नाही?
(४) शेवटच्या चौकटीत फुगा नाही, तरी तुम्हांला काय कळते?

प्र. ५ वा. भाषाभ्यास.
(१) चादर, नक्षी, कारखाना, बाजू, हुशार हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आहेत. हे शब्द उर्दूत कसे लिहितात व बोलतात ते वर्गात सांगा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.
(२) पुढील वाक्ये भूतकाळात लिहा.
(अ) यंत्रमानव मागाजवळून जातो.
(आ) अक्का दिवा पुसतात.
(इ) रुखसाना पत्त्यांची माळ तपासते.

उपक्रम : पाठातील आठ चौकटींची चित्रे गटाने काढा. नंतर हीच गोष्ट विणकराच्या बाजूने चार चौकटींत लिहा. मूळ कथेतील कोणतीही घटना बदलू नका.